कुलूप लागलेली आगगाडी

हे पत्र हातात घेतलंस ना, आता नीट टेकून बस. खुर्चीच्या कडेवर नको. कडेवर बसलेला माणूस उठायच्या तयारीतच असतो. आणि आधी तुला थोडं बोलून घेते, राग मानू नकोस. परवा जाता जाता, चपला घालताना तू म्हणालीस, "मावशी, तो जुना कॉम्प्युटर कशाला ठेवलायस अजून? भंगारवाल्याला देऊन टाक. काकांना गेमच हवा ना, मी लॅपटॉपवर दुसरा घालून देते." किती सहज बोललीस! बाई गं, बोलायच्या आधी आतल्या खोलीकडे एकदा बघावं. त्यांची जीभ गेली आहे, कान गेलेले नाहीत. तू गेल्यावर त्यांनी तासभर भिंतीकडे तोंड केलं होतं.

म्हणून हे लिहायला घेतलं. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन म्हणजे "मावशी, एक मिनिट हं, मीटिंग चालू आहे." कागद बरा. तो मला मध्येच थांबवत नाही.

मी काही शिकलेली बाई नाही, हे तुला ठाऊक आहे. मॅट्रिकला बसायच्या आधी लग्न झालं आणि थेट बंगळूरला आले. कन्नड बसच्या पाट्यांवरून शिकले, इंग्रजी औषधांच्या चिठ्ठ्यांवरून, आणि कॉम्प्युटर ह्यांच्या पाठीमागे उभी राहून. हे सरकारी कारखान्यात, मशीनच्या देखभालीला. जन्मभर एकच वाक्य ऐकवलं त्यांनी: बिघडल्यावर दुरुस्त करतो तो मेकॅनिक, बिघडू देत नाही तो इंजिनियर. आमच्या घरातला मिक्सरसुद्धा बिघडायला घाबरायचा.

आता आयुधपूजेचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलं आहे. तू नोकरीसाठी इथे आलीस, पण तुमच्या पुण्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, चार पुस्तकं मांडतात आणि झालं. इथे तसं नाही. इथे रिक्षापासून रोड रोलरपर्यंत सगळ्यांना आंघोळ, सगळ्यांना हार, चाकाखाली लिंबू. ह्यांच्या कारखान्यात तर आठवडाभर आधी मशीनं उघडायचे, जुनं ग्रीस खरवडून काढायचे, आणि मग कुंकवाचं बोट. "मळक्या मशीनला कुंकू लावणं म्हणजे देवाची थट्टा," म्हणायचे. निवृत्त झाले आणि ती सगळी हौस घरी आली. शिलाई मशीन, स्कूटर, वॉशिंग मशीन, आणि शेवटी कॉम्प्युटर. तो नुसता पुसून भागायचं नाही. आतलं सगळं काढून टाकायचं, म्हणजे फॉरमॅट, आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक गोष्ट घालायची. मी म्हणायचे, "झालं का हो तुमच्या लेकाचं अभ्यंगस्नान?"

त्याच लेकाच्या पोटात तो आगगाडीचा गेम. निवृत्तीनंतर दोनच महिन्यांत ह्यांनी दुकानात जाऊन खोक्यातला, पावतीसकट आणला. तेव्हा आमच्या गल्लीत गेम एकमेकांच्या पेन ड्राइव्हवरून फिरायचे, संक्रांतीच्या तिळगुळासारखे. समोरच्या घरातले म्हणाले, "काय सार, माझ्याकडे हाच फुकट आहे की! पैसे जास्त झालेत का?" हे म्हणाले, "माझ्या मशीनवर चोरीचा नट बसत नाही." समोरचे हसले. हेही हसले, पण ह्यांचं हसणं वेगळं होतं.

त्या गेमला दोन कुलपं होती. तुझ्या भाषेत त्याला काहीतरी मोठं नाव असेल, मी आपली कुलूपच म्हणते. एक असं की सीडी आत फिरत असल्याशिवाय गेम उघडणारच नाही. दुसरं म्हणजे गेम नव्याने घातला की तो इंटरनेटवरून कंपनीला विचारणार, हा माणूस खरा की चोर? तिकडून "खरा" असं उत्तर आलं की इकडे गाडी सुटणार. आणि हे विचारायचं पाच वेळाच. पाचाच्या वर गेलं की चोर! आता आयुधपूजा येते दरवर्षी. सहाव्या वर्षी पूजेनंतर गेम म्हणाला, तुमच्या परवानग्या संपल्या. ह्यांनी रीतसर पत्र लिहिलं, पावतीचा फोटो जोडला, आणि चौथ्या दिवशी उत्तर आलं: क्षमस्व, पुन्हा पाच वेळा उघडून दिलं आहे. ते उत्तर छापून ह्यांनी मला वाचून दाखवलं. "बघ, सरळ माणसाचं ऐकतात." त्या दिवशी मीसुद्धा साखरभात केला होता. पुढची पाच वर्षंही अशीच गेली, आणि पुन्हा पत्र, पुन्हा क्षमस्व.

त्या गेममध्ये रिकाम्या नकाशावर आपण रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, सिग्नल लावायचे, गाड्या सोडायच्या. माझ्या माहेरच्या गावाला खऱ्या आयुष्यात अजून रेल्वे गेलेली नाही. ह्यांनी नेली. बंगळूरहून निघून, घाट चढून, दोन बोगदे पार करून, आमच्या ओढ्यावरून पूल. वर्षानुवर्षं रोज चार वाजता कॉफी झाली की तासभर ते काम. मी शेजारी भाजी निवडत बसायचे.

"अगं, तुझ्या माहेरची गाडी वेळेवर आहे बघ."

"वेळेवर आहे, पण थांबते एकच मिनिट. मालगाडीला वीस मिनिटं. माहेर म्हटलं की तुमचं असंच."

"मालगाडीला सामान असतं."

"आणि मी काय रिकाम्या हाताने जाते होय?"

मग हे स्टेशनवरचा थांबा दोन मिनिटं करायचे. बारा वर्षांत तो सात मिनिटांवर आणला होता मी, भांडून भांडून.

गेल्या आषाढात हे बाथरूममध्ये पडले. ते तुला माहीत आहे, तू आली होतीस हॉस्पिटलात. उजवी बाजू गेली. बोलणं "हां" आणि "अं" एवढ्यावर आलं. घरी आणलं तोवर नवरात्र जवळ आलं होतं.

आता माझी चूक ऐक. अजून कुणाला सांगितलेली नाही.

मला वाटलं, ह्यांना बरं वाटावं. ह्यांच्या घरात आयुधपूजा चुकली असं नको. स्कूटर धुतली, शिलाई मशीनला तेल दिलं. आणि मग ह्यांची वही काढली. फॉरमॅट कसा करायचा ते त्यात एका खाली एक लिहिलेलं, छापल्यासारख्या अक्षरात, सोळा पायऱ्या. मी पलंगासमोर कॉम्प्युटर मांडला आणि एकेक पायरी मोठ्याने वाचत करत गेले. हे उशीला टेकून बघत होते. जुने रूळ, गाड्या, सगळं आधी पेन ड्राइव्हवर काढून ठेवलं, तीही पायरी होतीच. चार तास लागले. संपल्यावर कॉम्प्युटरला गंध लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. ह्यांनी डावा हात उचलून "हां" केलं. काय सांगू, मला वाटलं आज मी इंजिनियर झाले.

दसऱ्यानंतर फिजिओथेरपीच्या बाई यायला लागल्या. त्या रबरी चेंडू द्यायच्या, दाबा म्हणायच्या. हे चेंडू टाकून द्यायचे. जन्मभर बोल्ट आवळलेला माणूस, त्याला चेंडू? एक दिवस बाई म्हणाल्या, "आंटी, ह्यांना हाताने काय करायला आवडायचं? तेच करू दे. पहिले काही महिने महत्त्वाचे, हात आत्ता वापरला नाही तर मग तो विसरतो." मी लगेच म्हटलं, आगगाडी!

चार वाजता ह्यांना खुर्चीत बसवलं. उजवा हात उचलून माउसवर ठेवला. सीडी घातली. घर्र घर्र झालं. आणि पडद्यावर आलं: नोंदणी होऊ शकली नाही, नंतर प्रयत्न करा.

नंतर म्हणजे किती नंतर? आम्ही दुसऱ्या दिवशी केला. तिसऱ्या दिवशी केला. आठ दिवस मी इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या. बिचारा दोनदा येऊन वायर बदलून गेला. मग मी कंपनीला पत्र लिहिलं, ह्यांचं जुनं पत्र समोर ठेवून. उत्तर आलं की या गेमची नोंदणी आता बंद झाली आहे. तो विचारणारा कॉम्प्युटरच त्यांनी बंद करून टाकला. आपल्या निष्ठेबद्दल आभारी आहोत, नव्या गेमवर सवलतीचं कूपन सोबत जोडत आहोत.

मी परत लिहिलं. पावती आहे, खोकं आहे, सीडी आहे. मला नवा गेम नको. तुम्ही फक्त एकदा "खरा" म्हणा. तेच उत्तर आलं, शब्दाला शब्द. तिसऱ्यांदा लिहिताना मी ह्यांच्या हाताचंही लिहिलं, लाज सोडून. पुन्हा आभारी आहोत. समोर माणूस आहे की मशीन, तेच मला समजेना. आणि इकडे दिवस चालले होते. बाईंनी सांगितलेले पहिले काही महिने चालले होते.

मग एक दिवस भात लावता लावता मला उमगलं. गेम तर आषाढापर्यंत नीट चालत होता! मी हात लावला नसता, पुसला नसता, तर त्याला कुणाला काही विचारायची गरजच पडली नसती. मी सोळा पायऱ्या करून, फूल वाहून, ह्यांची गाडी बंद पाडली. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही, भात खाली लागला.

तुला विचारावंसं खूप वाटलं. पण हे पडायच्या आदल्या वर्षी, गणपतीत जेवताना तूच सांगितलं होतंस ना, तुझ्या ऑफिसात असलीच कुलुपं बनवतात म्हणून? "मावशी, कॉपी थांबवली नाही तर गेम बनवणाऱ्यांनी खायचं काय? दोन-दोन वर्षं राबतात लोक." ते मला पटलं होतं, अजून पटतं. कुणाची मेहनत चोरू नये, हे मला ह्यांच्याइतकं कोणी शिकवलेलं नाही. फक्त दुकान बंद करून जाताना गिऱ्हाइकाची किल्ली त्याच्या हातात देऊन जावी, एवढंच कुणी लिहून का ठेवत नाही? तू मीटिंगमध्ये विचार एकदा. रागाने नको, सहज विचार.

कूपनवर नवा गेमही घेऊन बघितला, नाही असं नाही. त्याला सीडी नाही, पण सतत इंटरनेट हवं. उघडायला फोनवर नंबर येणार, तो टाकायचा. सगळं मी केलं. ह्यांनी चौथ्या दिवशी, कपाळाला घाम येईपर्यंत हात सरकवत, एक गाडी फलाटाला आणली. आणली म्हणेपर्यंत वीज गेली. कॉम्प्युटरला बॅटरी होती, तो चालूच राहिला, पण इंटरनेटची डबी बंद पडली. पडद्यावर काळोख, त्यावर एक ओळ: संपर्क तुटला. गाडी गेली, फलाट गेला.

ह्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही गं. हाताकडे बघितलं. त्यांना वाटलं हाताने चूक केली. मी किती सांगितलं, "अहो वीज गेली, तुमचा दोष नाही." त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि शालीखाली ठेवून दिला. पुढे पंधरा दिवस तो शालीबाहेर निघाला नाही. बाई आल्या की डोळे मिटून घ्यायचे.

शेवटी मी बाजारातल्या दुकानात गेले. देवळाच्या बोळात आहे, जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतात. मालक माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर. खोकं बघून म्हणाले, "अम्मा, ओरिजिनल? तोच तर प्रॉब्लेम आहे."

"म्हणजे?"

"चोरीचा असता तर आज चालला असता. ते लोक कुलूप तोडूनच वाटतात. ओरिजिनलचं कुलूप शाबूत, आणि किल्ली कंपनीने टाकून दिली. स्वल्प बसा, दहा मिनिटं."

"पण ही चोरीच ना हो, अण्णा?"

"घराची किल्ली हरवली तर दार तोडायला माणूस बोलावता की बाहेर झोपता?"

"घर माझं असतं."

"आणि हे कुणाचं आहे?" त्यांनी पावती माझ्यासमोर धरली. "सरी, बरं, नको असेल तर राहू दे."

मला राहू दे म्हणवेना. ते काम करत होते तेवढा वेळ मी देवळाकडे पाठ करून बसले होते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं की कंपनीचं पत्र आलं, त्यांनी उघडून दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ह्यांच्याशी पैशांवरून, साड्यांवरून खोटं बोललेय, पण मशीनवरून कधी नाही. पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर आमचा ओढा आला, पूल आला, आणि पुलावर हे पडायच्या आधी थांबवलेली गाडी तशीच उभी. ह्यांचा हात शालीतून बाहेर आला. मी नाही काढला, आपणहून आला. पहिल्या दिवशी नुसती गाडी बघितली. दुसऱ्या दिवशी सिग्नल पाडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा सिग्नलवर बोट नेलं आणि मध्येच थांबले. मान वाकडी करून कान दिला.

आवाज नव्हता ना! दुकानदारांनी कुलूप काढलं तेव्हा सीडीची गरजही गेली. बारा वर्षं जी घर्र घर्र ऐकून गाडी सुटायची, ती नव्हती. हा माणूस कारखान्यात डोळे मिटून सांगायचा, तिसऱ्या लेथचं बेअरिंग गेलं आहे. त्याला मी फसवायला निघाले होते.

माझ्याकडे वळले. तोंड किती वेळ हललं. आणि म्हणाले, "खो-टं."

आषाढानंतर हा पहिला शब्द. फिजिओथेरपीच्या बाईंना सांगितला तर त्या आनंदाने टाळ्या वाजवायला लागल्या. मी काय सांगणार त्यांना?

आठ दिवस हे कॉम्प्युटरकडे गेले नाहीत. माझ्या हातून जेवले, पण माझ्याकडे न बघता. नवव्या दिवशी मलाच राहवेना. मी खोकं, पावती आणि कंपनीची पत्रं ह्यांच्या मांडीवर आणून ठेवली. म्हटलं, "हो, कुलूप तोडून आणलं. आणि पूजेला मीच पुसला होता, नसता पुसला तर हे झालंच नसतं. दोन्ही माझंच. पण गेम तुमचा आहे, चोरीचा नाही. चोर असते तर मला इतकी पत्रं लिहावी लागली नसती."

मग त्यांनी खोकं डाव्या हाताने उघडलं आणि सीडी उजव्या हाताने धरायला गेले. पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. मी वाकले तर "अं!" केलं, जोरात. तिसऱ्यांदा दोन बोटांत बसली. ती तशीच कॉम्प्युटरच्या खणापर्यंत नेली. आत ठेवली. ढकलली. गेमला ती नको होती, कुणी तिला काही विचारलं नाही, जरा वेळ फिरून ती गप्प झाली. मग ह्यांनी गाडी सोडली.

आता रोज हेच चालतं. सीडी घालायला वीस मिनिटं लागतात, गाडी चालवायला दहा. बाई म्हणतात, चिमटीत जोर आला आहे, चेंडूने कधी आला नसता. मला आनंद व्हायला हवा. होतो, पण थकलेला आनंद आहे बघ तो. मी तिथे बसले की हे नवीन रूळ टाकत नाहीत. आहे तीच गाडी, त्याच रुळावर, जाते आणि येते. मी विचारलं, "कुठली गाडी हो ही?" तर उत्तर नाही. पण परवा मी स्वयंपाकघरात होते, आणि आतून आवाज आला. एकटेच, गाडीशी बोलत होते. "थांब," म्हणाले. मग जरा वेळाने, "सोड." स्वच्छ! मी दारात गेले तर गप्प झाले.

माझ्याशी अबोला आहे, तो संपेल तेव्हा संपेल. आमच्यात असे दीर्घ अबोले पूर्वीही झाले आहेत. पण शब्द आत्ता येत आहेत, आणि ते कुणाशी तरी बोलले गेले पाहिजेत, नाहीतर हातासारखी जीभही विसरेल. तुझ्यावर त्यांचा राग नाही. लॅपटॉप आणू नकोस, काही दुरुस्त करायला येऊ नकोस. चारच्या सुमाराला ये, शेजारी बस, आणि विचार, "काका, ही गाडी कुठे चालली?" मी आत भाजी निवडत बसेन, बाहेर येणार नाही. जमेल तितक्या लवकर ये गं.